गाळ न्या, पण बुडालेल्या भिंती राहू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत गळाच्या मासेमारीवर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होते, पण त्यात एक वाक्य असं होतं की खोल पाण्यात मासा कुठं लागेल हा सगळा नशिबाचा खेळ आहे. ते काही पटलं नाही म्हणून हे पत्र. छापायला लांब वाटलं तर कापा, पण धरणात बुडालेल्या आमच्या जुन्या गावाच्या भिंतींबद्दल आणि त्यावर अडकलेल्या जाळ्यांबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा.

मी पैठण तालुक्यातला, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला मेकॅनिक, गावात मिस्तरी म्हणतात. समुद्र गाठायचा तर आम्हाला रात्रभर गाडीत बसावं लागतं, त्यामुळं समुद्रातल्या मासेमारीवर मी बोलावं हे ऐकून कोकणातले वाचक हसतील, हसू द्या. माझा पुतण्या इंग्लंडात मिडल्सब्रोला नोकरीला आहे, २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको दीड महिना त्याच्याकडं होतो. तिथं मला करमेना. चहा पिऊन पिऊन माणूस किती पिणार. पोराच्या ते लक्षात आलं, एका शनिवारी म्हणाला काका, चला तुम्हाला मासे धरायला नेतो, धरणात नाही, खुल्या समुद्रात, बुडालेल्या जहाजावर.

तिथून तास-दीड तासावर व्हिटबी नावाचं बंदर आहे, डोंगरावर जुन्या मठाचे पडके अवशेष, खाली नदी, मधी फिरणारा पूल, बोट आली की पूलच बाजूला सरकतो. मी अर्धा तास त्या पुलाची यंत्रणा बघत बसलो, पोरगं वैतागलं. बंदरात एका फलकावर "रोहिला" नाव वाचलं आणि चमकलो. आमची आजी निजामाच्या काळातली, तिच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं नाव, रोहिला आला झोप आता, अशी धमकी असायची. तर रोहिला हे ब्रिटिश इंडिया कंपनीचं जहाज, १९०६ चं बांधलेलं, पहिल्या महायुद्धात त्याचा दवाखाना केला आणि ३० ऑक्टोबर १९१४ ला वादळात ते व्हिटबीजवळ खडकावर चढून फुटलं, वर २२९ माणसं, त्यातली ऐंशीच्या वर गेली, आणि किनारा अगदी डोळ्यासमोर. शेवटची पन्नासेक माणसं काढायला टाइनमथहून मोटरची लाइफबोट आणावी लागली, वल्ह्याच्या बोटींचं काम नव्हतं ते. तो सगळा किनाराच असा आहे, त्या युद्धात जर्मन पाणबुड्यांनी तिथं इतकी मालवाहू जहाजं बुडवली की समुद्राचा तळ म्हणजे भंगार बाजार झालाय.

आणि त्या भंगारात मासा राहतो. हेच मला सांगायचंय.

आम्ही गेलो ते जहाज रोहिला नाही, ते उथळ पाण्यात आहे. आमचं लांब आत, पन्नास-साठ मीटर पाण्यात. बोटीवर आम्ही दहा जण, बाकी सगळे गोरे, आणि बोटवाला साठीचा, बोलायला एकदम कमी. पोरानं विचारलं जहाजाचं नाव काय तर तो नुसता हसला. नंतर कळलं की हे लोक जहाज कुठं आहे त्याचे आकडे, म्हणजे अक्षांश रेखांश, कुणाला सांगत नाहीत, पूर्वी वहीत लिहून ठेवायचे आणि वही बापाकडून पोराकडं जायची, आता जीपीएसच्या डब्यात असतात पण गुप्तता तीच. आपल्याकडं विहिरीचा झरा दाखवणारा पाणाड्या जसा सगळं सांगतो पण खरं काय ते ठेवून घेतो, तसंच.

जागेवर आल्यावर त्यानं इंजिन कमी केलं आणि तळ दाखवणाऱ्या स्क्रीनवर बोट ठेवून मला बोलावलं. सपाट रेघ चाललेली, सपाट, सपाट, आणि एकदम खडा उंचवटा, त्याच्या वर बारीक ठिपक्यांचा ढग. तो ढग म्हणजे मासे. आजूबाजूला दोन-तीन किलोमीटर नुसती वाळू आणि काही नाही, आणि या एका मोडक्या लोखंडाच्या भोवती सगळी वस्ती. नशिबाचा खेळ कसला साहेब, बस स्टँडवर माणसं उभी असतात ते काय नशिबानं असतात का.

आम्ही ज्याच्यासाठी गेलो त्या माशाचं नाव लिंग. हो, तेच. रात्री पुतण्यानं मोठ्यानं नाव घेतलं तेव्हा आमच्या मंडळींनी त्याला डोळे वटारून बघितलं, कारण आमच्याकडं लिंग म्हटलं की औंढा, परळी, वेरूळ, मराठवाड्यात तीन ज्योतिर्लिंगं आहेत, आणि ही म्हणतीय महादेवाचं नाव माशाला कशाला ठेवलं रे. बिचाऱ्यांच्या भाषेत त्याचा अर्थ लांब एवढाच. मासा आहेच लांब, आपली वाम जशी दिसते तसा, पण जात वेगळी, कॉडच्या नात्यातला. पाठीवर तपकिरी-हिरवट ढग, परांना पांढरी किनार, हनुवटीला एकच मिशी लोंबती, आणि तोंडात दात असे की बोट घालायची हिंमत होणार नाही. दोन मीटरपर्यंत वाढतो म्हणतात. मोठी मादी एका वेळी काही कोटी अंडी टाकते, पण त्यातलं वाचतं किती ते तिलाच माहीत, आणि वयात यायला त्याला पाच-सात वर्षं लागतात. म्हणून तिथं ६३ सेंटिमीटरच्या आतला लिंग धंदेवाल्यांना उतरवता येत नाही, कायदाच आहे.

वेळ पण कशी साधायची बघा. भरती-ओहोटीचा जोर असला की शिसं तळाला लागतच नाही, दोरी वाऱ्यावरच्या पतंगासारखी तिरकी जाते. म्हणून कोकणातले लोक ज्याला भांग म्हणतात, उधाण नसलेले ते दिवस निवडायचे आणि त्यातही पाणी थांबतं तो अर्धा-पाऊण तास धरायचा. बोटवाला जहाजाच्या वरच्या अंगाला जाऊन बोट सोडून देतो, बोट आपोआप वाहत वाहत जहाजावरून जाते, तो ओरडला की सगळ्यांनी गळ सोडायचे, तो ओरडला की सगळ्यांनी गुंडाळायचे. मधी कुणी ढिलाई केली तर गळ लोखंडात अडकला म्हणून समजा. गळाला आमिष बांगड्याचं, अख्खा बांगडा घेऊन मधला काटा शेपटीसकट काढून टाकायचा, मग दोन बाजू पाण्यात फडफडतात, किंवा माकूल. वर चकचकीत लोखंडी नळी, पाव-अर्धा किलोची, ती खालीवर नाचवायची. दाताच्या बाजूला जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, लावायचा, बारीक लावला तर कापून जातो.

पहिल्या दोन खेपांना मला काही लागलं नाही, उलट पोटात ढवळून आलं, आल्याचा तुकडा चघळत बसलो. सूनबाईनं चपाती-ठेचा दिला होता, तो बाजूच्या एका म्हाताऱ्याला दिला, त्यानं डोळे पुसत पुसत सगळा खाल्ला आणि मग दिवसभर मला चहा आणून देत राहिला. तिसऱ्या खेपेला खाली ठोका बसला. गाडीचा गिअर नीट न बसता दात आपटतात तसा, खट खट. मी उचललं तर हलेना. मला वाटलं अडकलं. म्हातारा म्हणतोय गुंडाळ गुंडाळ, कारण पहिल्या चार-पाच वेढ्यांत त्याला भगदाडातून बाहेर नाही काढलं तर तो शेपूट आत टेकवून बसतो आणि मग काही केल्या निघत नाही. दोन्ही हातांनी जोर लावून गुंडाळलं, तो एकदम सुटला, आणि अर्ध्या वाटेवर आल्यावर ओझं हलकं झालं. मला वाटलं गेला. गेला नव्हता. खोल पाण्यातून झपकन वर आल्यामुळं त्याच्या पोटातला हवेचा फुगा फुगतो आणि तोच त्याला वर लोटतो. पाण्यावर आला तेव्हा पोट टम्म, डोळे बाहेर, जठर तोंडात आलेलं. बरं नाही वाटलं मला ते बघून, खोटं कशाला सांगू. असा मासा परत सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, वरच उलटा तरंगतो, म्हणून पाहिजे तेवढाच धरायचा आणि मग जागा सोडायची हा बोटवाल्याचा नियम. एका जहाजावर सारखं सारखं गेलं तर ते रिकामं होतं, आणि मोठा मासा परत यायला लई दिवस लागतात, असं त्यानं पोराजवळ सांगितलं. दिवसात तेवढं एकच वाक्य तो लांब बोलला.

माझा लिंग नऊ किलो भरला. घरी मंडळींच्या गळ्यात माळ, त्यामुळं वेगळ्या भांड्यात केला, चव आपल्या मरळीच्या जवळची पण जास्त घट्ट. तिकडं उत्तरेला तो मीठ लावून वाळवतात आणि वर्षभर खातात. म्हणजे आपल्या आठवडी बाजारात पोत्यावर सुकट-बोंबील घेऊन बसतात त्यातलाच प्रकार.

आता मुद्द्यावर येतो. बोटीवर ती स्क्रीन बघितली तेव्हाच माझ्या डोक्यात आमचं गाव आलं होतं.

आमचं जुनं गाव नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात आहे. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरण सुरू केलं, आम्ही त्याच्या आधीच बैलगाड्या भरून निघालो होतो, मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. शंभराच्या वर गावं गेली. लोकांनी माळवदाची सरं-तुळया, दारं, खिडक्या, देव्हारे सगळं उचकटून नेलं, लाकूड कोण सोडतं. पण दगड-मातीच्या भिंती, वेस, बारव, मारुतीचं देऊळ, चिंचेखालचा पार, हे कुठं नेणार. ते तिथंच राहिलं आणि वर पाणी चढलं. धरण भरलं की पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरपर्यंत पसरतं, आणि ते बहुतेक सपाट, काळी जमीन, नांगरलेली वावरं. त्या सपाटीत उंचवटा कुठं असेल तर आमच्या भिंती. म्हणजे आमचं गाव हेच आमचं बुडालेलं जहाज झालं की नाही.

भोई गल्लीतला माझा एक दोस्त आहे, आता त्याचं वय सत्तरच्या वर, थर्माकोलच्या तराफ्यावर अजून जातो. त्याला मी इंग्लंडचं सगळं सांगितलं, तळाचा उंचवटा, माशांचा ढग, वहीतले गुप्त आकडे. तो विडी विझवून म्हणाला, मिस्तरी, ह्याच्यासाठी इमानानं गेलता व्हय. मरळ, वाम, शिंगाळा हे कुठं धरायचं ते त्याला बापानं शिकवलेलं, देवळाच्या शिखरापासून इतकी वल्ही, पलीकडच्या डोंगराची खाच आणि अलीकडची टाकी एका रेषेत आली की खाली बारव. शिखर आता पाण्याखाली असलं तरी त्याच्या डोक्यात ते दिसतंय. तिकडं अडकलं तर फक्त शिसं तुटावं म्हणून शिसं कच्च्या दोऱ्यानं बांधतात, हेही मी मोठ्या फुशारकीनं सांगितलं, तर म्हणे आमी बी जाळ्याचे दगड सुतळीनंच बांधतो, नायलॉननं कोण बांधतं, आडकलं तर दगड जाऊ दे, जाळं हाती यावं. मी गप्प.

पण आता सगळे त्याच्यासारखे नाहीत. नवी पोरं स्वस्तातली तंगसाची जाळी आणतात, कुठंही टाकतात, भिंत कुठं बारव कुठं माहिती नसतं, जाळं अडकलं की कापून सोडून देतात आणि दुसरं आणतात, कारण जाळ्यापेक्षा मजुरीचा दिवस महाग पडतो. सुती जाळं दोन-तीन हंगामात कुजून जायचं, तंगूस कुजत नाही. ते तिथं भिंतीवर उभंच राहतं आणि मासा धरतच राहतं, काढायला कुणी नाही, अडकलेला मासा मरतो, त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो. तिकडं पण हेच दुखणं आहे, मोठ्या बोटींची जाळी जहाजांवर अडकून पडतात, मग हौशी पाणबुडे पैसे गोळा करून, जीव धोक्यात घालून ती कापून आणतात, पन्नास मीटर खाली, अंधारात, बर्फासारख्या पाण्यात.

आपलं बुडालेलं जहाज तर स्वतःहून बाहेर येतं साहेब. हे कुणाच्या लक्षातच येत नाही. २०१६ ला आणि २०१९ ला धरण मृतसाठ्यात गेलं तेव्हा आमचं गाव उघडं पडलं, म्हातारी-कोतारी मंडळी गाड्या करून बघायला गेली, ही आमची वेस, हे आमचं जातं, कुणी नारळ फोडला, कुणी रडलं. मी २०१९ च्या मे महिन्यात गेलो होतो. मारुतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीला एकावर एक जाळी चिकटलेली, हिरवी, निळी, पांढरी, चिखलानं कडक झालेली, नांगराच्या फाळाला वेल गुंडाळावा तशी. मोजली नाहीत, पण मला वर केलेला हात पुरेना एवढा थर होता. त्यात माशांचे काटे तर होतेच, पण एक पाणकावळा होता, वाळून कोळ झालेला, चोच जाळ्याच्या घरातून बाहेर आणि पंख अर्धे उघडे. पाणकावळा बुडी मारून मासा धरतो, तो देवळाच्या भिंतीजवळ मासा बघून खाली गेला असणार. १९८६ पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईचे लोक येतात, त्यांना हा फोटो कुणी दाखवत नाही.

मी खिशातल्या चाकूनं थोडं कापलं, एका माणसाचं काम नाही ते. परत आल्यावर एका सरकारी कार्यालयात गेलो, म्हटलं बुडीत गावांचे जुने नकाशे असतील, गावठाण कुठं, विहिरी कुठं, ते मच्छीमार सोसायट्यांना द्या म्हणजे पोरं तिथं जाळी लावणार नाहीत, गळ टाकतील. तिथल्या साहेबांनी दोन वेळा उद्या या सांगितलं, तिसऱ्या वेळेला म्हणाले, काका गाव बुडालं तसा नकाशा पण बुडाला समजा. हसले, मी पण हसलो, काय करणार. पण नकाशा नसेल असं मला वाटत नाही, मोबदला देताना घरन् घर मोजलं होतं, आमच्या वडिलांच्या पावतीवर भिंतीची लांबी लिहिलेली आहे.

दुसरी गोष्ट गाळाची. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चांगली आहे, मी स्वतः दोन एकरावर गाळ टाकला, कापूस बघत राहावा असा आला. पाणी उतरलं की लोक गाळपेरा पण करतात, त्यालाही माझं काही म्हणणं नाही, पोट आहे. पण जेसीबीवाला जातो तेव्हा त्याला भिंत म्हणजे अडथळा. सपाट केल्याशिवाय ट्रॅक्टर वळत नाही म्हणून त्यानं पाडलेली एक वेस मी बघितली, चिरे पण लोकांनी बंगल्याच्या जोत्याला नेले. मग पुढच्या वर्षी पाणी आलं की तिथं मासा कशाला येईल. मासे वाढावेत म्हणून जगात ठिकठिकाणी लोक मुद्दाम जुनी जहाजं, सिमेंटच्या नळ्या समुद्रात नेऊन बुडवतात, खर्च करून, आणि आपल्याला फुकटात मिळालेलं आपण जेसीबीनं मोडून राहिलोय. गाळ न्या, पाहिजे तेवढा न्या, भिंतीला हात लावू नका एवढंच.

माझा दोस्त म्हणतो मिस्तरी तुमी पत्र ल्ह्या, आमचं कोण ऐकतंय. मी म्हटलं माझं तरी कोण ऐकतंय, मी गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करणारा माणूस. पण जाळी काढायला पाणबुडे लागत नाहीत, बर्फाचं पाणी नाही, पन्नास मीटर नाही. पाणी उतरलेल्या वर्षी दहा-बारा माणसं, कोयते आणि एक ट्रॅक्टर ट्रॉली, दोन दिवसाचं काम आहे. सोसायटीनं करावं, ग्रामपंचायतीनं करावं, कॉलेजच्या एनएसएसच्या पोरांनी करावं, मला कुणीही चालेल. डिझेल मी टाकतो.

तुमच्या पुरवणीचे फोटो काढतो तो पोरगा पुढच्या वेळी पाणी खाली गेलं की माझ्याकडं पाठवा. एप्रिलच्या शेवटी बघू पातळी किती आहे ते, मृतसाठ्याच्या जवळ गेली तर देवळाचं शिखर दिसायला लागतं, तिथून पुढं चिखल वाळायला आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आधी गाडी रुतते. बूट घालून नका येऊ म्हणावं, चप्पल पण नको, अनवाणीच बरं. जाळं देवळाच्या मागच्या अंगाला आहे, पिंपळाच्या बुंध्याकडून.

आपला,
पुनर्वसित गावातला एक जुना वाचक
(ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर)